आबासाहेबांची मान

घोडेगावच्या बाजारात आसाराम न्हाव्याकडे माणसं दाढीपेक्षा मान मोडून घ्यायला यायची. हजामत उरकली की तो एक हात हनुवटीखाली आणि दुसरा टाळूवर ठेवी, गप्पा मारत मान डुलवी आणि गिऱ्हाईक सैल पडलं की हिसका देई. कट्कन आवाज आला म्हणजे काम चोख.

१९४६च्या उन्हाळ्यात आबासाहेब पाटलांना त्यानं असाच हिसका दिला. आवाज आला नाही.

"आसाराम, माझे हात कुठं गेले रं?" आबासाहेब म्हणाले. हात मांडीवरच होते.

मोटारीतून नगरला नेताना मान आसारामनंच धरली होती. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला. "मानेच्या दुसऱ्या मणक्यावर खुंटी असते. जात्याच्या मधल्या खिळीभोवती वरचा दगड फिरतो, तसा पहिला मणका तिच्याभोवती फिरतो. यांची खुंटी मणक्याला जुळलेलीच नाही. जन्मापासून सुटी आहे."

"म्हंजे माजी चूक न्हाई?"

"हाड जन्माचं. हिसका तुझा."

जोडायचा इलाज त्यांच्याकडे नव्हता. मान हलू देऊ नका, एवढंच सांगून त्यांनी घरी पाठवलं.

आसारामनं मान मोडणं सोडलं, पण पाटलांचं घर सुटेना. बलुत्यात ते त्याच्या वाट्याचं. दुसरा न्हावी तिथली पायरी चढणार नाही. दाढी वाढून खाजू लागली, आबासाहेबांना हात उचलता येईना. शेवटी त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, निरोप धाडला. तो येऊन दाराबाहेरच घुटमळला.

"आत ये की," मालनबाई म्हणाल्या. "तुज्याबिगर येनार कोन?"

खाट भिंतीला लागून होती. अलीकडचा गाल झाला. पलीकडच्यासाठी तोंड वळवावं लागणार होतं. वस्तरा थांबला.

"फिरव की मान. भेतोस व्हय?" आबासाहेब हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मालन चुलीपाशी हाय. तवर एक हिसका दे. सुटंल समदं."

"न्हाई जमायचं, आबा."

"तवा बरं जमलं?"

आसारामनं वस्तरा पुसला.

"आरं, अर्धीच?" मालनबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

"चार मानसं बोलवा, पाटलीनबाई. खाट हळू फिरवू. मंग करतो."

खाट फिरवली, दाढी पुरी झाली. पुढं तो दर बाजाराच्या दिवशी पाटलांकडं जात राहिला. मालनबाई आत गेल्या की आबासाहेब तेच मागत.