नागपूरचं दुकान बंद होईपर्यंत

माझ्या वडिलांनी भोपाळमध्ये जागा धरायला रुमाल नाही टाकला. सख्खी बहीण टाकली.

ती आज पहाटे गेली. विमलआत्या. नव्वदी ओलांडली होती. भोपाळच्या शाहपुऱ्यात, माझ्याच घरी, शांतपणे.

"शांतपणे" असं सगळेच लिहितात. पण आत्याचं आयुष्य शांत नव्हतं, अडकलेलं होतं. आज मी हे लिहिणार आहे. नातेवाइकांना राग येईल. येऊ दे.

राज्यांची नव्याने आखणी झाली आणि नागपूरची राजधानी गेली. ऑफिसं भोपाळला हलली. साहेब, बाबू, शिपाई, सगळे ट्रंका बांधून निघाले.

बाबांचं नागपूरचं स्टेशनरीचं दुकान या ऑफिसांच्याच जिवावर चालायचं. शाई, टाक, फायली. गिऱ्हाईकच आगगाडीत बसून निघून गेलं म्हटल्यावर बाबांनी भोपाळच्या नव्या बाजारात गाळ्यासाठी अर्ज केला.

गाळा मिळाला. अट एकच. महिनाभर कुलूप दिसलं की गाळा परत.

"विमल, दोन महिने तू बस तिथे. इथलं दुकान आवरतो आणि येतोच मी."

आत्या तेव्हा बावीस वर्षांची. लग्न झालेलं नव्हतं. शिक्षिकेचं ट्रेनिंग पूर्ण केलेलं आणि नागपुरात मुलींच्या शाळेत नोकरी पक्की. जूनमध्ये रुजू व्हायचं. दोन महिन्यांचं काय, म्हणून ती आली. नागपूरच्याच एका हेडक्लार्कच्या क्वार्टरमध्ये एक खोली मिळाली.

जून आला. बाबा आले नाहीत.

"थोडा माल उरलाय," असं पत्र आलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या. दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबते, म्हणाल्या.

शेजारचे घड्याळवाले चाचा रोज विचारायचे, "बेन जी, भाई साब आ रिये हैं कि नईं?"

"आ रहे हैं, चाचा. बस, माल निकल जाए."

कसला माल आणि कसलं काय! बाबांना नागपुरात शाळा-कॉलेजांची नवी गिऱ्हाइकं मिळाली होती. दुकानाने पुन्हा जीव धरला होता. ते बंद करायचं नव्हतं, आणि भोपाळचा गाळाही सोडवत नव्हता. दोन्ही डगरींवर हात. मधल्या मध्ये आत्या.

दसऱ्याच्या आधी तिने ठणकावून लिहिलं. दादा, तू ये, नाहीतर मी कुलूप लावून निघते.

बाबांची तार आली. येतोय.

त्या दिवशी आत्याने सकाळीच ट्रंक भरून गाळ्यात आणून ठेवली. ठेवणीतलं पातळ नेसली. चाचांना पेढा दिला.

बाबा आले. सोबत मी. सात वर्षांची.

दोन वळकट्या बघून आत्याचा चेहरा खुलला. तिला वाटलं, दादा बिऱ्हाड घेऊनच आला.

बाबा म्हणाले, "हिला तुझ्याकडे ठेवतोय. इथली शाळा चांगली आहे म्हणतात."

"आणि माझी शाळा, दादा?"

बाबा वर बघत म्हणाले, "पावसात छत गळतं का गं हे?"

संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. आत्याने ट्रंक खोलीवर नेली, उघडली आणि तिच्या पातळांवर माझे फ्रॉक रचले.

खरं काय ते मला लग्नानंतर आईकडून कळलं. निघताना बाबा तिला म्हणाले होते, "पोर तिथे असली की विमल हलणार नाही."

म्हणजे गाळ्याला आत्या, आणि आत्याला मी.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही गेली? सात वर्षांची भाची टाकून आणि भावाचा गाळा घालवून नागपुरात कुणाच्या दारात उभी राहणार होती? ते दारही भावाचंच!

दिवाळीनंतर शाळेचं पत्र आलं. दुसऱ्या बाई घेतल्या होत्या. आत्याने वाचलं, घडी घातली आणि समोरच्या बाबूला विचारलं, "स्याही नीली दूँ या काली?"

मग तेच आयुष्य. बरखेड्यात कारखान्याची वसाहत उभी राहिली. तिथल्या मराठी इंजिनिअरांच्या बायका मुलांच्या वह्या घ्यायला यायच्या. "नशीबवान हो तुम्ही, स्वतःचं दुकान!" म्हणायच्या. त्यांचे नवरे रिटायर झाले, त्या पुण्याला गेल्या. आत्या गल्ल्यावरच.

नागपूरचं दुकान बंद झालं, पण बाबा गेल्यावर. आत्या तेव्हा पन्नाशी उलटलेली. आई म्हणाली, "वन्सं, आता या परत."

"आता कुठे?" एवढंच म्हणाली.

भोपाळचा गाळा तिनेच पुढे विकला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

गेल्या महिन्यात मी धीर करून विचारलं.

"आत्या, माझा राग नाही आला तुला कधी?"

"आला की. पण एवढ्याशा पोरीवर काढणार कसा? वर्षभर तुझी वेणी करकचून घालायचे. तू रडायचीस. मग मलाही रडू यायचं."

मला वाटायचं, तिचा हातच जड आहे.

आज सकाळी तिला न्हाऊ घातल्यावर केस मी विंचरले. मूठभर पांढरे. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आवळून बांधा हो, वाटेत सुटतील."

सुटू देत.

मी वेणी सैल घातली.

आत्या, चुकले मी. माझी चूक नव्हती, तरी चुकले.

तुला माझा शेवटचा नमस्कार.