साडभाऊंची उंच गाडी

रस्ता ही भित्र्या माणसांसाठी केलेली सोय आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा आपल्याला निवडता येत नाही, तो मांडवात तयारच मिळतो. शहरातले रस्ते एकामागून एक सिमेंटचे होत गेले तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला, पण साडभाऊंच्या चेहऱ्यावर सुतक होतं. "आता एक चांगला खड्डा पाहाले माणसानं जावं तरी कुठं गा?" असं त्यांनी मला आमच्या फाटकात उभं राहून विचारलं होतं, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी एक जुनी, चौकोनी एसयूव्ही आहे. ती नवी कोरी घरी आली त्या दिवशी शेजाऱ्यांना पेढे वाटून झाल्याबरोबर त्यांनी तिची चारही चाकं काढली. कंपनीनं नट नीट आवळले असतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, हळदकुंकू घेऊन बाहेर आल्या तेव्हा गाडी विटांवर उभी होती, त्यामुळे पूजा तिथेच विटांसकट झाली.

यात त्यांच्या नोकरीचाही दोष आहे. निवृत्त होईपर्यंत ते एका विमा कंपनीत होते. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाड्या बघायच्या आणि दावा खरा की खोटा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर मोडलेलीच वाहनं पाहिल्यामुळे धडधाकट चालणारी गाडी दिसली की ते तिच्याकडे संशयानं पाहतात. इंजिनाची नाडी तपासायला त्यांच्याकडे एक लाटणं आहे. लाटण्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. ते लाटणं अर्थातच स्वयंपाकघरातून पळवलेलं. ताईंनी नवं आणलं की तेही काही दिवसांनी बाहेर जाऊन ग्रीसनं माखायचं. आमच्याकडे जेवायला आले की हात धुतल्यावर ते आधी फ्रिजला कान लावतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ अक्षता हातात घेऊन मांडवामागे जनरेटरपाशी उभे होते, आणि जनरेटरवाल्याला सांगत होते की एक व्हॉल्व्ह रडून राहिला. नवरानवरीच्या वाट्याच्या अक्षता त्या जनरेटरवर पडल्या.

गाडीबद्दल ते कधी गाडीसारखं बोलतच नाहीत. एकदा सकाळी माझ्या बायकोला त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. रात्रीपासून तिला बरं वाटून नाही राहिलं, खोकला थांबत नाही, असं म्हणाले आणि फोन ठेवला. बायकोनं घाईघाईनं मुगाची खिचडी टाकली, डबा भरला, आणि आम्ही शहराच्या या टोकाहून त्या टोकाला धावलो. दार ताईंनीच उघडलं. टवटवीत होत्या, हातात शेंगदाणे पाखडायचं सूप. आजारी होता तो डिझेलचा पंप. खिचडी साडभाऊंनी गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

सुट्टीचा दिवस आला की त्यांचं ठरलेलं असे. सकाळी जरीपटक्याच्या बाजारात जाऊन कुठल्या कुठल्या दुकानांतून पत्रे, नळ्या, बिजागऱ्या, रबरं गोळा करायची, आणि दुपारी गाडीखाली शिरायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी, जे काही नवं बसवलं असेल ते तपासायला, रानात मुक्काम. सोबत मी. माझी संमती कधी विचारली गेल्याचं आठवत नाही. त्यांनी गाडीपुढे विंच बसवला, म्हणजे चिखलात रुतलो तर झाडाला लोखंडी दोर बांधून स्वतःला ओढून काढायचं यंत्र, तेव्हा अडचण अशी झाली की गाडी काही केल्या रुतेना. शेवटी मौद्याकडे, औष्णिक केंद्राची धुराडी लांबून दिसत होती अशा एका ओढ्याकाठी, त्यांनी चिखल निवडून निवडून त्यात गाडी घातली. मग दोर बाभळीला बांधला, बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. बाभूळ मात्र मुळासकट निघाली आणि सरपटत आमच्याकडे यायला लागली. शेताचा मालक बांधावर बसून सगळं पाहत होता. तो जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, बाभूळच काढायची होती तर आधी सांगाचं. अजून दोन आहेत तिकडं." शेवटी त्याच्याच ट्रॅक्टरनं आम्हाला बाहेर काढलं. घरी यातलं अवाक्षर बोलायचं नाही अशी साडभाऊंनी मला वाटेत शपथ घातली, आणि घरात पाय ठेवताच ताईंना सगळी हकीकत स्वतःच रंगवून सांगितली.

हे सगळं वेड रानाचं आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एका रविवारी मी त्यांच्यासोबत गाडीखाली पाठीवर पडून त्यांच्या हाताशी पाने-पक्कड देत होतो. मागच्या दाराला आतून त्यांनी नुकताच एक आरसा बसवला होता. रानात आरसा कशाला, असं मी सहज विचारलं. ते नट आवळता आवळता म्हणाले, "तुह्या ताईनं म्हटलं होतं न, तिथं केस विंचरायले आरसा कुठं राहते." आणि मला तिथे, अंगावर ऑइल गळत असताना, एकदम सगळी गाडी उलगडली. त्या गाडीत एकही वस्तू अशी नव्हती जी ताईंच्या कुठल्या ना कुठल्या नकाराला दिलेलं उत्तर नव्हती.

ताई शाळेत भूमिती शिकवायच्या, त्यामुळे त्यांचा नकार कारणासकट यायचा. लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्या एकदाही मुक्कामाला आल्या नव्हत्या. भाजी निवडता निवडता त्या म्हणायच्या, माझी पाठ धरते. झालं, दोन महिन्यांत पुढची सीट बदलली. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात म्हणाल्या, तर मागे खणासारखी ओढून काढता येणारी गॅसची शेगडी आली. आडोशाचं काय, असा एक प्रश्न आला, त्याला गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी खोली हे उत्तर. सगळ्यात मोठा मुद्दा सापांचा होता. जमिनीवर साप-विंचू फिरतात, तिथे मी झोपणार नाही, असं त्या एकदा बोलून गेल्या. साडभाऊंनी त्यावर काही वर्षं घालवली आणि थेट गाडीच्या छतावर तंबू बसवला, वर जायला शिडी. तंबूचं वजन पेलेना म्हणून जाड स्प्रिंगा घातल्या, त्यानं गाडी उंच झाली, उंच झाली म्हणून मोठे टायर आले, त्यानं ती आणखी उंच झाली. एक उत्तर तयार झालं की ताई पुढचा प्रश्न काढायच्या. मला वाटतं त्यांना त्यात मजाही येत असावी. दरम्यान त्या निवृत्त झाल्या, जिना उतरताना भिंतीला हात लावू लागल्या. साडभाऊ त्या वेळी गाडीखाली होते.

गाडीला पंधरा वर्षं होत आली तेव्हा पेच पडला. नोंदणी पुन्हा करायची तर गाडी कंपनीनं दिली होती तशी करून तपासणीला न्यावी लागते. म्हणजे तंबू, विंच, उंची, सगळं उतरवायचं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनवर सरळ सांगितलं की काढून टाका ती, या वयात कशाला. साडभाऊंनी जाहीर केलं की ते गाडी भंगारात देणार नाहीत आणि तिचा एक बोल्टही काढणार नाहीत. दोन्ही एकदम कसं जमणार हे त्यांना कोणी विचारू शकत नव्हतं. घरात अबोला सुरू झाला. मग ताईंनीच तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "मी येते एकदा. एक मुक्काम करते. मंग मी म्हणन तसं करायचं."

साडभाऊ त्या आठवड्यात जेवले की नाही मला शंका आहे. भिवापूरच्या पुढे माझ्या एका मित्राचं शेत आहे, शेताला लागून तलाव, तिथे जायचं ठरलं. आम्ही दोघं नवराबायको साक्षीदार म्हणून. निघायच्या सकाळी गाडी धुऊन पुसून फाटकात उभी होती. ताई पुढच्या दारापाशी आल्या. पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला, गाडीची पायरी आणखी वरच राहिली. गाडीचा प्रत्येक खिळा तोंडपाठ असलेला तो माणूस आपल्याच गाडीच्या पायरीकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखा पाहत होता. मग ते घरात गेले आणि भाऊबीजेला ओवाळायला काढतात तो लाकडी पाट घेऊन आले. ताई माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पाटावर चढल्या, पाटावरून गाडीत. उमरेड येईपर्यंत साडभाऊंनी तोंड उघडलं नाही.

भिवापूरपाशी त्यांना जरा कंठ फुटला. रस्त्याकडेला मिरची वाळत पडली होती, वारा आमच्याच दिशेचा, आणि आम्ही चौघंही शिंकून शिंकून बेजार झालो. इंजिनाला हवा घ्यायला साडभाऊंनी छतापर्यंत नळी नेली होती. डोळे पुसत ते म्हणाले, "गाडीले शिंक नाही आली, पाहिलं?" ताई हसल्या, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

तलावाकाठी पोचल्यावर त्यांनी एकेक गोष्ट उघडायला घेतली. शेगडी बाहेर आली, चहा झाला. ताईंनी आरशात पाहून केस नीट केले, कापडी खोलीत डोकावल्या, सीटवर मागे रेलून पाहिलं, आणि वही तपासणाऱ्या बाईच्या चेहऱ्यानं म्हणाल्या, सगळं आहे. मग छतावरचा तंबू उघडला. साडभाऊंनी शिडी लावली, तिच्यावर स्वतः उड्या मारून दाखवल्या आणि खाली उतरून बाजूला उभे राहिले. ताई शिडीच्या वरच्या टोकाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"सापाचं मी कवा म्हटलं होतं हो?" त्यांनी विचारलं.

"पोरगा दहावीत होता तवा."

"तवा मी चढली असती."

माझी बायको उगाच कपबशा धुवायला तलावाकडे गेली. साडभाऊ शिडीला हात लावून तसेच उभे. मला त्यांच्याकडे बघवेना, इतकं वाईट वाटलं. शेवटी ताईच हसायला लागल्या. म्हणाल्या की आता या शिडीपेक्षा साप बरा, तो निदान गुडघे तरी मागत नाही.

वरच्या तंबूत मग आम्ही झोपलो. ते दोघं पुढच्या सीटा मागे पाडून गाडीतच. सकाळी उजाडल्यावर मी शिडीवरून उतरलो तर समोरच्या काचेतून दिसले ते डॅशबोर्डवर ठेवलेले पायमोज्यातले चार पाय, आणि मागून हळू आवाजात चाललेल्या गप्पा. काय बोलत होते कोण जाणे, पण मी गाडीच्या दाराला हात न लावता तलावाला एक लांबलचक चक्कर मारून आलो. परत आलो तेव्हा निकाल लागला होता. ताई म्हणाल्या, "सीट चांगली आहे. गाडी राहू द्या."

पुढच्या रविवारी मला नेहमीप्रमाणे बोलावणं आलं. मी गेलो तर साडभाऊ गाडीखाली होते आणि जाड स्प्रिंगा अंगणात पडल्या होत्या. तंबू निघाला, विंच निघाला, मोठे टायर गेले. ज्या माणसानं एक बोल्ट निघणार नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं तो गुणगुणत बोल्ट काढत होता. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की काय करता, पासिंगसाठी करावं लागते, कायदा आहे. मीही मान डोलावली. तंबू आता माझ्या गच्चीवर आहे, त्यात कबुतरं राहतात.

तपासणीला मीच सोबत गेलो. तपासणाऱ्यानं गाडीला चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, कुठेच नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि आत ठेवलेल्या पाटाकडे बोट दाखवून हे काय आहे म्हणून विचारलं. साडभाऊ म्हणाले, "ते गाडीचं नाही साहेब, घरचं आहे."

आता त्यांचा रानातला मुक्काम बंद आहे. रविवारी संध्याकाळी दोघं गाडी काढून चहाला जातात, सिमेंटच्या रस्त्यानं, आणि चुकून एखादा खड्डा दिसलाच तर साडभाऊ तो लांबून वळसा घालून चुकवतात. मला हे पाहून हसू येतं. गाडी थांबली की ते आपल्या बाजूनं उतरतात, मागून पाट काढतात, फिरून ताईंच्या दारापाशी येतात आणि तो खाली ठेवतात. नटांवर विश्वास नसलेला माणूस तो. आधी स्वतः पाटावर उभे राहून तो डगमगत नाही ना ते पाहतात, आणि मगच ताईंना हात देतात.