डाव्या पायाच्या चपला

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, यात्रेच्या चार दिवस आधी, कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत एका चप्पल बनवणाऱ्याच्या दुकानी सरकारी तपासनीस आले. चोऱ्यांपासून बचाव म्हणून छोट्या दुकानांना लोखंडी जाळीच्या दारासाठी अनुदान मिळत होतं. या दुकानदाराचाही अर्ज गेला होता. आदल्या दिवाळीत कुलूप फोडून चोरांनी त्याचं सगळं कातडं नेलं होतं. यात्रेसाठी आणलेलं नवं कातडं गेलं, तर दुकान मोडून त्याला दुसऱ्याच्या हाताखाली बसावं लागणार होतं.

मी समोरच्या माडीवर बसून बातम्या लिहीत असे. दुपारी गल्ली थांबल्यासारखी होई. भिजलेल्या कातड्याचा आणि तेलाचा वास संथपणे वर येई. दारावर टांगलेल्या चपला वारा नसतानाही हलत; कोणी अदृश्य माणसं हवेतून सावकाश चालली आहेत असं वाटे.

तपासनिसांनी त्या चपला एकेक उलटून पाहिल्या. सगळ्या डाव्या पायाच्या.

“उजव्या कुठं आहेत?”

“घरात हाईत की, साहेब. एका पायाची चप्पल चोरून चोर काय करंल?”

“मग तुम्हाला जाळी कशाला पाहिजे?”

त्यानं हातातली आरी खाली ठेवली. मग कोपऱ्यातल्या गुंडाळ्यांकडे बोट करून म्हणाला, “कातड्याला डावं-उजवं नसतंय, साहेब.”

तपासनीस हसले नाहीत. दुकान खरंच चालतं याची खात्री म्हणून जोड्या पाहिल्याशिवाय सही होणार नाही, एवढंच म्हणाले. घरी निरोप गेला. अर्ध्या तासानं त्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन आली.

“उजवं घरात, डावं बाजारात,” पाटी उतरवत ती म्हणाली. “आमचा मालकबी तसलाच हाय, साहेब. घरात निम्माच घावतोय.”

“व्हय, आन् निम्म्यालाच तू पुरून उरतीस,” तो म्हणाला.

रस्त्यावर पोतं अंथरलं. उन्हात डावीशेजारी उजवी येत गेली. पोतं भरलं तेव्हा पाटी रिकामी होती आणि दारावर फक्त खिळे उरले होते. तपासनिसांनी तिथंच उभ्यानं सही केली.

यात्रेच्या आदल्या दिवशी जाळीचं दार बसलं. यात्रा संपली तेव्हा उरलेलं कातडं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकान उघडलं. नव्या जाळीला टांगलेल्या चपला डाव्या पायाच्या होत्या.