कारण: स्वतः शिवलेला कोट

माझे जावई लिफ्ट दुरुस्त करतात. हाताचे पंजे असे, की त्यांनी चहाचा कप उचलला तर काळजी कपाची वाटावी. तेच हात गेलं वर्षभर सुई धरून बसले होते.

घर लहान. शिवणयंत्र जेवणाच्या टेबलावर आणि ताटं आमच्या मांडीवर. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी संगणकावरच्या कुठल्याशा खेळातल्या योद्ध्याचं चिलखत केलं, स्वतः घालायला. व्यायामाला अंथरतात ना, त्या चटईचं. चटई वाकवली माझ्या इस्त्रीने. पुढे महिनाभर घरातले पांढरे कपडे लढाईवरून आल्यासारखे दिसत होते. मग मनावर घेतला तीनशे वर्षांपूर्वीच्या सरदाराचा मखमली कोट. गुडघ्यापर्यंत लांब आणि सगळा हाताने शिवायचा, कारण त्या काळी यंत्र नव्हतं.

मुलगी म्हणाली, "सरदाराला निदान शिंपी तरी होता."

"शिंपी मीच, सरदारही मीच. माप चुकलं तर भांडण घरातल्या घरात."

कोटाला बेचाळीस काजं. मी अर्धं आयुष्य काजं करण्यात घालवलंय, तेव्हा ती शिकवणी माझ्याकडे आली. चिंधीवरचं पहिलं काज उंदराने कुरतडल्यासारखं झालं. विसाव्याला मी म्हटलं, "जावईबापू, आता हे उंदराचं वाटत नाही." तेवढ्यावर ते दिवसभर खूश.

कामावर मात्र कुणाला पत्ता नव्हता. बोटाला सुई टोचली की सांगायचे, तार लागली. पण स्वतः केलेल्या पोशाखांची स्पर्धा निघाली परगावी, तीही कामाच्या दिवशी. रजेचा अर्ज आला आणि त्यात कारणाचा रकाना.

मुलगी म्हणाली, "आईला आजारी पाड."

मी समोरच भाजी निवडत होते. त्यांच्या कचेरीसाठी मी आजवर तीनदा अंथरूण धरलंय, एकदा हाडही मोडून घेतलंय. म्हटलं, "पाडा. मला सवय आहे."

जावयांनी पेन उचललं. मग म्हणाले, "आई, तुमचं दुखणं सांगून गेलो तर तिथे कोट घालूनही मी लपलेलाच." आणि रकान्यात लिहिलं, 'स्वतः शिवलेला कोट घालून स्पर्धेला जायचे आहे.'

साहेबांनी अर्ज परत केला. "कारण बदल, आत्ता सही करतो. असले बायकी उद्योग माणसाने लपवून करावेत."

"लपवूनच करत होतो साहेब. आता कंटाळा आला."

अर्ज तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. डबे उघडेपर्यंत त्यांचं नाव 'शिलाईबाई' पडलं होतं.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना कोट अंगावर चढवला, तर पाठ अर्धी तांबडी, अर्धी काळपट. मखमलीला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. सगळे तुकडे एकाच दिशेला कापावे लागतात, नाहीतर रंग वेगळा दिसतो. जावयांनी कापड वाचवायच्या नादात डावी पाठ उलटी कापली होती. दुकानात तो रंग संपलेला.

मुलगी म्हणाली, "जाऊ दे. नाही गेलं तर काय बिघडतंय?" तिला हायसं वाटलं होतं, ते मला कळलं. त्यांनाही कळलं.

"नाही गेलो तर साहेबांना वाटेल, मी शहाणा झालो."

मग त्यांनी ती डावी पाठ उसवली आणि कात्रीने तुकडे केले. मी प्रत्येक तुकड्यावरून हात फिरवून लव कुठे झुकते ते पाहायची आणि मागून खडूने बाण काढायची. सगळे बाण एका दिशेला फिरवून ते जोडायचे. कमी पडलं तिथे कातरणातले तुकडे घेतले. जुन्या काळी कापड महाग, तेव्हाचे शिंपीही असेच जोड लावत, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदा मला आणि एकदा बहुधा स्वतःला. अकरा तुकड्यांची पाठ झाली, पण रंग एक.

रजा मंजूर झालीच नाही. ते गेले. तिथल्या परीक्षक बाईंनी पाठीवरून बोट फिरवून विचारलं, "इतके जोड?"

"उलटं कापलं होतं," जावयांनी सांगून टाकलं. बक्षीस एका मुलीच्या घोळदार झग्याला मिळालं. चांगला होता म्हणाले, त्याची बाही कशी बसवली होती ते चित्र काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी विनापरवानगी गैरहजर राहिल्याचं पत्र हातात पडलं. जावयांनी पोच म्हणून सही केली आणि कोटातला आपला फोटो कामाच्या खोलीत, हत्यारांच्या कपाटावर चिकटवला. संध्याकाळपर्यंत फोटोतल्या डोक्यावर कुणीतरी शाईने शिंगं काढली.

त्यांनी फोटो उतरवला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं, "शिंगं कुणी काढली? वळण झकास आहे. पुढच्या पोशाखासाठी मला मोठ्या कागदावर काढून हवीत."

साहेबांसकट सगळे आपापल्या डब्यात बघत बसले. चित्रकार सापडला नाही, म्हणून त्यांनी फोटोवरूनच माप घेतलं. आता तीच शिंगं, हातभर लांब, रंग वाळायला आमच्या दारावर टांगली आहेत. घरात यायचं तर वाकून या.