मामांना बघायला

आजारपण मामांइतकं थाटात भोगणारा माणूस कर्जत-खालापुरात दुसरा नसेल. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. मामी गेल्या, पोरी सासरी. कोंडाणे गावात एकटेच राहतात. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो डॉक्टरांनी आत बारीक तार भरून बंद केला. ती तार हलू नये म्हणून मामांनी मान डोलवणंच सोडलं. हो म्हणायचं तर हात वर करतात. ग्रामसभेत शेजाऱ्यानं तंबाखू आहे का विचारलं, मामांनी हात वर केला, आणि स्वतःच्याच शेतातून रस्ता काढायच्या ठरावाला पाठिंबा देऊन बसले. डोक्याची फिल्म ओटीच्या खिडकीला लावलेली. पोस्टमनचीसुद्धा ती पाहिल्याशिवाय सुटका नाही.

आमच्या घराण्यात कॉलेज पास झालेला पहिला मी, म्हणून तपासणीला सोबत मीच. पहिल्या खेपेला जांघेतून नळी घालून मानेपर्यंत नेली, औषध सोडून डोक्याचे फोटो काढले. रात्रभर पाय सरळ ठेवून पडायचं, जवळ माणूस हवाच. घरी आल्यावर अख्खा गाव नारळ, बिस्किटं घेऊन बघायला लोटला. मामा लोडाला टेकून प्रत्येकाला हकीगत पहिल्यापासून सांगत होते.

यंदा पनवेलचे डॉक्टर म्हणाले, आता नळी नको. मशीनमध्ये थोडा वेळ पडायचं आणि लगेच घरी. मी खूश झालो. मामांनी मला बाजूला घेतलं.

"नळीच घाला म्हणावं त्यांना."

"मामा, नळी टळावी म्हणून लोक नवस बोलतात."

"बोलू दे. मशीनवाल्याला कोण बघायला येतं रं?"

माझी डिग्री इथं कामाला आली नाही. तपासणी झाली. फुगा बंदच, तार जागच्या जागी. आता लवकर यायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी सावकाश हात वर केला.

घरी येताच त्यांनी ओटीवर खाट ओढली, पांघरूण घेतलं, पाय सरळ करून पडले. शेजारी सकाळीच धुऊन ठेवलेले कप. रस्त्यानं दोघं-तिघं गेले. "आलात व्हय मामा?" एवढं विचारून पुढं. मी निघतो म्हणालो, तर नुसता हात वर झाला.

नाक्यावरच्या दुकानातून नारळ आणि बिस्किटाचा पुडा घेऊन मी परत आलो. पाहुण्यासारख्या चपला बाहेर काढल्या, खाटेच्या टोकाला बसलो.

"कसं हाय मामा आता?"

मामा उठून लोडाला टेकले. पांघरूण नीट केलं.

"काय सांगू तुला," ते म्हणाले, "सकाळीच निघालो आमी. संगं भाचा व्हता माझा, म्हणून बरं."