शनिवारचा घाणा

माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. त्यामुळे हुडकेश्वरच्या शाळेत मी कोकणातली मासेखाऊ बाई म्हणून सुखाने खपून गेले होते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, हे स्टाफरूममध्ये कधी बोलले नव्हते. एकदा सांगितलं की जन्मभर समजावत बसा, कोणी सांगितलंय!

स्नेहसंमेलनातली वेशभूषा स्पर्धा माझ्या गळ्यात होती. रंगीत तालमीला आठवीतला एक पोरगा खाकी कोट घालून आला, नाकाखाली काजळाची चौकोनी मिशी. जर्मनीचा हुकूमशहा. कोट आईने शेजारच्या बेसा गावातल्या शिंप्याकडून खास शिवून घेतलेला. पोराच्या मते देशाला असाच कडक माणूस हवा. त्याचे वर्गशिक्षक म्हणाले, राहू द्या हो मॅडम, मिशी छान जमलीय.

माझं डोकं फिरलं. आता गप्प बसले असते तर ती मिशी मीच रंगवल्यासारखी झाली असती. पुढच्याच तासाला त्याच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, “या माणसाने ज्यांना वेचून वेचून मारलं ना, त्या ज्यू लोकांतली मी आहे.”

मग पहिल्या बाकावरून शंका आली, ज्यू लोक पोळ्याला बैल सजवतात का? तिथून तास रंगला. आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या काम न करण्याच्या पवित्र दिवशी, तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. राज्यं बदलली, बोली बदलली, शनिवार मात्र कुणाच्या बापाला हलवता आला नाही. मिशीवाला मान खाली घालून ऐकत होता.

संमेलन नेमकं शनिवारी होतं. तो स्टेजवर आला तेव्हा कोट नव्हता, मिशी नव्हती. बनियन, धोतर आणि समोर तेलाचा रिकामा पिपा. मांडी घालून बसला तो ढिम्म हलेना. परीक्षकांनी विचारलं, करतोस काय?

“काही नाही. शनिवार हाय. आज तेल भेटणार नाही.”

हॉल हसून लोळला. वर्गशिक्षक चिडून म्हणाले, याने तर काहीच केलं नाही. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. उतरताना तो विंगेत माझ्यापाशी थांबला. माझ्या गळ्यात शिट्टी, काखेत कुणाची तरी ढाल-तलवार.

“मॅडम, मंग तुम्ही काहून काम करून राहिल्या?”

नोकरी लागल्यापासून मी एकही शनिवार पाळला नव्हता. सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

मी शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली, ढाल-तलवार त्याच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून बसले. पुढच्या झाशीच्या राणीला स्टेजवर यायला आवाज त्यानेच दिला.