खुनी कोण, ते सांगून टाकलं

सोलफ्रिड हाउकोसच्या दुकानातून औषध नेलं नाही असं घर त्या फ्योर्डच्या खाडीकाठच्या गावात नव्हतं, आणि तिची खूनकथा वाचलेलं घर मात्र शोधावं लागे. ईस्टर आला की सगळा नॉर्वे संत्री आणि एक खूनकथा पिशवीत टाकून डोंगरातल्या लाकडी घरांकडे पळतो. त्या सुट्टीसाठी ही बाई दरवर्षी एक पुस्तक लिहायची. त्यातलं विष अगदी बिनचूक असायचं, खपाच्या नावानं मात्र बोंब.

लिहिता लिहिता नवऱ्याला, तोर्लाइफला, खुनी कोण ते सांगितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. मग छापील पुस्तक हातात दिलं की तो म्हणायचा, "खुनी तर मला माहितीये, आता काय वाचू?" तिलाही ते पटायचं.

त्यात थोरली जाऊ ऑडनी. जन्मभर लोकांचे दात उपटले आणि निवृत्त झाल्यावर एकच खूनकथा लिहिली बयेनं, तर बर्फातल्या उन्हासाठी मलम घ्यायला येणारा जो तो तिचंच नाव काढू लागला.

"तुमच्या जाऊबाईंनी काय लिहिलंय हो!"

सोलफ्रिड हसून मलम द्यायची आणि आत जाऊन कपाटाचं दार आपटायची. नुसता जळफळाट! पुस्तक चोरून वाचून काढलं तेव्हा तर तो दुप्पट झाला, कारण ते खरंच चांगलं होतं.

म्हणून यंदा तिनं आपला खुनी नवऱ्याला मुद्दाम सांगितला नाही. यंदा तरी वाचेल.

डोंगरावर पोचल्यावर तोर्लाइफनं पिशवीतून काढलं ते ऑडनीचं पुस्तक. सोलफ्रिडचं डोकंच फिरलं.

"बोटीवरच्या स्वयंपाकिणीनं मारलंय त्याला," ती म्हणाली.

ईस्टरच्या दिवसांत असं करणं म्हणजे भरल्या ताटात माती कालवणं.

"अगं, शोभतं का हे तुला?" तो ओरडला.

"आता माझं वाच!" आपलं पुस्तक त्याच्या मांडीवर टाकून ती स्कीवर निघून गेली.

परतली तर तो भिंतीला टेकून उन्हात बसलेला. बाजूला अर्धवट सोललेलं संत्रं, हातात ऑडनीचं पुस्तक.

"खुनी माहितीये ना तुला? मग काय वाचतोयस?"

"थांब गं जरा," तो मान वर न करता म्हणाला, "ती स्वयंपाकीण आता आपल्या पोरीला काय सांगते ते बघू दे."

तिचं पुस्तक कॉफीच्या किटलीखाली होतं. तिनं ते ओढून काढलं, मुखपृष्ठावरचा ओला गोल बाहीनं पुसला आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

तिच्या पुस्तकातला खुनी कोण, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.